ब्रिस्केटला किती तास लागतात यापेक्षा ते कधी उतरवायचं ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ फ्रिस्कोला राहता, वेबरची २२ इंची केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी आहे, तिच्यावर चिकन आणि बर्गर छान जमतात. पुढच्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता १५ माणसं जेवायला येणार आहेत आणि त्यांना घरी स्मोक केलेलं, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेलं ब्रिस्केट (गाईबैलाच्या छातीचं मांस) खाऊ घालायचं आहे, तेही पहिल्यांदाच. पौंडाला किती तास धरायचे, फॉइलमध्ये गुंडाळायचं की नाही, एवढ्या मोठ्या तुकड्याऐवजी ५ पौंडांचा नुसता फ्लॅट, म्हणजे ब्रिस्केटचा पातळ भाग आणला तर सोपं जाईल का, आणि मॅरिनेट कशात करायचं, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. ब्रिस्केट घड्याळ बघून शिजत नाही आणि पाहुणे घड्याळ बघूनच येतात. एकाच दुकानातले, एकाच वजनाचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले तरी त्यातला एक दुसऱ्याच्या दीड-दोन तास आधी तयार होतो, हे मी नेहमी बघते. म्हणून "पौंडाला सव्वा तास" असा हिशेब करून बरोबर पावणेसातला ब्रिस्केट उतरवायचं ठरवलंत, तर एक तर ते कच्चं राहील नाहीतर पाहुणे नऊपर्यंत उपाशी बसतील. यावर उपाय एकच: ब्रिस्केट जेवणाच्या तीन-चार तास आधी तयार होईल असा बेत करायचा आणि ते गरम राखायचं. टेक्सासातल्या नावाजलेल्या ठिकाणीही हेच करतात. दुपारी तुमच्या ताटात येणारं ब्रिस्केट आगीवरून उतरून बरेच तास उबेत बसलेलं असतं. हा थांबा नाइलाजाचा नाही, त्यानं मांस सुधारतं. याकडे पुढे परत येते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वारा किती, केटलचं झाकण किती घट्ट बसतं, मांस कोणत्या ग्रेडचं आहे, तुम्ही झाकण किती वेळा उघडता, या सगळ्यानं वेळ पुढेमागे होतो. खाली दिलेले आकडे टेक्सासात मिळणाऱ्या, मक्यावर पोसलेल्या जनावरांच्या मांसाचे आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि तिथं मिळणाऱ्या म्हशीच्या मांसात चरबी फार कमी असते. त्यामुळे तिकडच्या कुणी हे वाचून तसंच करायला जाऊ नये.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचे, पुढच्या दोन पायांमधले स्नायू. गाईबैलांना आपल्यासारखं गळ्याचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या भागाचा मोठा भार हे स्नायू दिवसभर पेलत असतात. म्हणून त्यांच्यात कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, ठासून भरलेलं असतं. स्टेक १३० डिग्री फॅरनहाइटला मऊसूत लागतो. ब्रिस्केट त्या तापमानाला चावतासुद्धा येणार नाही, आणि १६० ला, म्हणजे खायला पूर्ण सुरक्षित असतानाही, चिवटच राहील. कोलॅजन वितळून त्याचं जिलेटिन व्हायला तापमान लागतं तसाच वेळही लागतो. आच वाढवून ही वेळ फार कमी करता येत नाही, कारण मग आतलं कोलॅजन विरघळायच्या आत बाहेरचं मांस सुकून जातं. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आता फ्लॅटचा प्रश्न. छोटा तुकडा सोपा वाटतो, पण इथं उलट आहे. पूर्ण ब्रिस्केटला, ज्याला इथं पॅकर म्हणतात, दोन भाग असतात: खाली पातळ, कमी चरबीचा फ्लॅट आणि एका टोकाला त्याच्यावर चढलेला जाड, चरबीदार पॉइंट. नुसता फ्लॅट आणलात तर सर्वांत लवकर सुकणारा भाग तेवढा हातात येतो, आणि बहुतेक दुकानांत त्याच्यावरची चरबीही काढून टाकलेली असते. पहिल्यांदा करताना चूक पोटात घालणारा तुकडा हवा, आणि तो म्हणजे पूर्ण पॅकर. कॉस्टको या घाऊक दुकानात प्राइम ग्रेडचं पूर्ण ब्रिस्केट मिळतं. प्राइम म्हणजे स्नायूंमध्ये चरबीच्या रेषा जास्त. त्याखालचा चॉइस ग्रेडही चालेल. त्याच्याही खालचा सिलेक्ट घेऊ नका. १३-१४ पौंडांचा तुकडा बघा आणि फ्लॅटचं टोक निदान इंचभर जाड आहे ना, ते पिशवीवरून चाचपून बघा. टोक पातळ असेल तर ते जळून वायाच जातं. चरबी काढल्यावर ११ पौंडांच्या आसपास उरेल आणि शिजून कापायला येईल ते कच्च्या वजनाच्या साधारण निम्मं. सोबत इतर पदार्थ असतील तर १५ जणांना पुरतं.

चरबी काढायचं काम शुक्रवारी संध्याकाळी करा आणि मांस फ्रिजमधून काढल्या काढल्या करा. गार असताना चरबी घट्ट असते, सुरी नीट चालते. वरची चरबी पाव इंच ठेवायची. फ्लॅट आणि पॉइंट जिथं मिळतात तिथं बाजूला पांढऱ्या कडक चरबीची एक मोठी गाठ लागेल. ती कितीही तास शिजवली तरी वितळत नाही, ती खोलवर कापून काढा. दुसऱ्या बाजूचा चंदेरी पापुद्रा काढा आणि लोंबणारे, टोकदार कोपरे गोल करा. धूर आणि गरम हवा तुकड्यावरून सरळ वाहून जायला हवी. कोपरा बाहेर आला की तिथंच मांस करपतं. काढलेली चरबी टाकू नका. ती एका पातेल्यात मंद आचेवर वितळवून गाळून ठेवा, गुंडाळताना उपयोगी पडेल.

मॅरिनेशनबद्दल मला ठाम सांगायचं आहे. आलं-लसणाचं वाटण, दही, गरम मसाला यातलं काहीही या वेळी लावू नका. एवढ्या जाड तुकड्यात मीठ सोडून कुठलीच चव वरच्या थरापलीकडे जात नाही. ओलं वाटण मात्र पृष्ठभाग ओला ठेवतं आणि मग वर जी काळपट, खमंग, जाड पापडी धरायला हवी, जिला इथं बार्क म्हणतात, ती धरतच नाही. ऑस्टिनच्या आसपासच्या पट्ट्यात, लॉकहार्ट आणि टेलरसारख्या गावांत, ही पद्धत जर्मन आणि चेक कसायांच्या दुकानांतून आली. लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० सालचं आहे. तिथल्या मांसाला आजही मुख्यतः मीठ, मिरी आणि ओकचा धूर एवढंच असतं, आणि त्या चवीत काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. तुमच्या ११ पौंडांना २ मोठे चमचे जाडं कोशर मीठ आणि ४ मोठे चमचे जाडसर कुटलेली मिरी पुरेल. मिरी खलबत्त्यात कुटा. बारीक पूड कडवट होते आणि तिची पापडी धरत नाही. शुक्रवारी रात्री लावून, वर काही न झाकता, तुकडा ट्रेमध्ये फ्रिजमध्ये ठेवून द्या. मीठ आत मुरेल आणि वरचा भाग कोरडा होईल. आपली चव हवीच असेल तर ती ताटात बाजूला वाढा. लाल मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि लिंबू यांच्यासोबत ब्रिस्केट फार छान लागतं. माझ्याकडे ठेच्याची वाटी बार्बेक्यू सॉसच्या आधी रिकामी होते.

आता आग, म्हणजे खरं काम. केटल स्टेकसाठी असते असं लोक समजतात, पण तिच्यावर साताठ तास मंद आच टिकवता येते. त्यासाठी कोळसा सगळा एकदम पेटवायचा नाही. केटलच्या आतल्या कडेनं ब्रिकेटची, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची, दोन-दोनची रांग लावा, तिच्यावर आणखी एक तशीच रांग, आणि अशी माळ अर्ध्या वर्तुळाच्या थोडी पुढे न्या. माळेवर, सुरुवातीच्या अर्ध्या भागात, मुठीएवढे पोस्ट ओकचे चार-पाच तुकडे थोड्या थोड्या अंतरावर ठेवा. पोस्ट ओक मिळाला नाही तर हिकरी चालेल. मेस्कीट नको, इतक्या तासांत त्याचा धूर उग्र होतो. लाकूड पाण्यात भिजवू नका. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. मोकळ्या राहिलेल्या भागात, जाळीच्या खाली, अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गरम पाणी ठेवा. ही सगळी मांडणी शुक्रवारी रात्रीच करून ठेवा, फक्त पाणी सकाळी ओता.

पहाटे आठ-दहा ब्रिकेट वेगळ्या पेटवून, पांढरी राख धरली की माळेच्या एका टोकावर ठेवायच्या. तिथून आग एकेका ब्रिकेटला धरत पुढे सरकते. वरची झडप पूर्ण उघडी, खालची पाव भाग उघडी. झाकण असं फिरवा की वरची झडप आगीच्या विरुद्ध बाजूला, मांसाच्या डोक्यावर येईल, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो. तापमान जाळीपाशी २५० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२० सेल्सियस हवं. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तो वर बसलेला असतो आणि जाळीपाशी पंचवीस-पन्नास डिग्रींचा फरक सहज असतो. दोन तारांचं डिजिटल थर्मामीटर घ्या, एक तार जाळीला आणि एक मांसात. या सगळ्या कामात पैसे घालावेत अशी ही एकच वस्तू आहे. २३५ ते २७५ मध्ये काटा फिरत असेल तर काहीही करू नका. नवीन माणूस दर पाच मिनिटांनी झडप हलवतो आणि आग कधी भडकते, कधी मरते. झडप हलवलीत तर निदान पंधरा-वीस मिनिटं परिणामाची वाट बघा.

धुराकडे मात्र नीट लक्ष द्या. पेटवल्या पेटवल्या झडपेतून दाट पांढरा धूर लोंढ्यानं येईल. तो डोळ्यांना झोंबतो आणि मांसावर बसला तर कडू, डांबरासारखी चव सोडतो. तेव्हा मांस चढवायचं नाही. वीस-तीस मिनिटांत धूर विरळ होतो आणि मागे काळोख किंवा झाड धरून बघितलं तरच निळसर झाक दिसते. हाताचा तळवा झडपेच्या वर लांबून धरून हुंगून बघा, गोडसर लाकडी वास आला पाहिजे. तो आला की मांस चढवा. नंतरही धूर दिसत नाही म्हणून घाबरून लाकूड वाढवू नका. न दिसणाऱ्या धुरातही चव असते.

१३-१४ पौंडांचं ब्रिस्केट २२ इंची जाळीवर जेमतेम बसतं. लांबीला जास्त वाटलं तर मधोमध लाकडाचा एक तुकडा ठेवून त्याच्यावर मांस कमानीसारखं चढवा. तीन तासांत ते आकसतं, मग तुकडा काढून घ्या. जाड पॉइंटचं टोक आगीकडे असू द्या. चरबीची बाजू वर की खाली यावर इथं लोक तावातावानं वाद घालतात. माझं उत्तर असं की धग जिकडून येते तिकडे चरबी. केटलमध्ये ती खालून येते, म्हणून चरबी खाली. माझ्या घरच्या ऑफसेट स्मोकरमध्ये, जिथं आग बाजूच्या वेगळ्या पेटीत असते, गरम हवा मांसाच्या वरून वाहते, तिथं मी चरबी वर ठेवते.

पहिले तीन तास झाकण उघडू नका. त्यानंतर कडा कोरड्या दिसल्या तर स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी मारा, पण तेही तासातून एकदाच. कापल्यावर कडेनं दिसणाऱ्या गुलाबी पट्ट्याची काळजी नको. तो मांसातल्या मायोग्लोबिनचा आगीतल्या नायट्रिक ऑक्साइडशी संयोग होऊन तयार होतो आणि त्याचा चवीशी संबंध नाही.

साधारण सकाळी ९-१० च्या सुमारास एक गोष्ट होईल आणि तुमचा धीर सुटेल, म्हणून आधीच सांगते. आतलं तापमान भराभर १५० पर्यंत येईल आणि १५० ते १७० च्या मध्ये कुठेतरी थांबेल. तासभर, दोन तास, कधी त्याहून जास्त. एखाद-दुसरी डिग्री खालीही येईल. थर्मामीटर बिघडलेलं नसतं आणि आगही विझलेली नसते. मांसाच्या पृष्ठभागावर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं तेच हे कारण. आगीची उष्णता आणि वाफेनं होणारा थंडावा यांची बरोबरी झाली की तापमान जागच्या जागी राहतं. पृष्ठभाग पुरेसा सुकला की ते आपोआप पुन्हा चढतं.

म्हणूनच गुंडाळायचं. गुंडाळलं की वाफ उडायला जागा राहत नाही आणि तापमान पुढे सरकतं. पण कधी गुंडाळायचं ते आकड्यावर ठरवू नका, बार्क बघून ठरवा. रंग गडद तांबूस-काळा झाला असेल, नखानं हलकेच खरवडल्यावर मिरीचा थर सुटत नसेल आणि चरबी बोटानं दाबल्यावर दबत असेल, तर वेळ झाली. बहुतेक वेळा तेव्हा आत १६५ ते १७५ असतात. घाईनं आधी गुंडाळलंत तर वरचा थर ओला होऊन कागदाला चिकटून येतो.

फॉइल की कागद? फॉइलमध्ये मांस लवकर होतं, पण वाफेत बसल्यामुळे बार्क मऊ पडतो. गुलाबी बुचर पेपर थोडी वाफ बाहेर जाऊ देतो, म्हणून बार्क बरा राहतो. हा कागद घरोघरी पोचला तो ऑस्टिनच्या एरन फ्रँकलिनमुळे. २००९ मध्ये त्यानं फ्रँकलिन बार्बेक्यू सुरू केलं आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बियर्ड हा अमेरिकेतला नावाजलेला खाद्यपुरस्कार मिळाला. तुमचं ब्रिस्केट नंतर काही तास बंद कूलरमध्ये, म्हणजे सहलीला पेयं गार ठेवायला नेतात त्या जाड भिंतींच्या पेटीत, बसणार आहे, तिथं बार्क आणखी नरमणारच. म्हणून तुम्ही कागदच घ्या. मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असलेला नको, साधा हवा. कागदावर ती वितळवलेली चरबी दोन-तीन चमचे पसरा, मांस ठेवा आणि घट्ट, दोन थरांत गुंडाळा. कागद मिळालाच नाही तर फॉइल वापरा, ब्रिस्केट त्यानं बिघडणार नाही.

गुंडाळल्यानंतर केटलचं काम संपलं. कागदातून धूर फारसा आत जात नाही, तेव्हा कोळसा सांभाळत बसण्यात अर्थ नाही. घरातला ओव्हन २७५ वर लावा आणि ट्रेमध्ये ठेवून तुकडा आत सरकवा. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. धूर, मिरी आणि बार्क यांचं काम पहिल्या सहा-सात तासांत झालेलं असतं. त्यापुढे मांसाला हवी ती स्थिर उष्णता, आणि ती ओव्हन कोळशापेक्षा चांगली देतो.

झालं हे कसं ओळखायचं? "२०३ डिग्री" हा आकडा तुम्ही सगळीकडे वाचाल. तो वाईट नाही, पण तो तपासणीचा आकडा आहे, निकालाचा नाही. १९५ ला तपासायला लागा आणि दर अर्ध्या तासानं बघा. थर्मामीटरची टोकदार सळई फ्लॅटच्या सर्वांत जाड भागात, मधोमध, कागदातूनच खुपसा. कच्चं असेल तर आत जाताना ती धागे ओलांडतेय हे बोटांना कळतं, आणि बाहेर काढताना मांस तिला धरून ठेवतं, तुकडा किंचित वर उचलला जातो. झालेलं असेल तर सळई जवळपास स्वतःच्या वजनानं आत उतरते आणि बाहेर येताना काहीच अडत नाही. पॉइंटवर निर्णय घेऊ नका, त्यात चरबी भरपूर असल्यानं तो आधीच मऊ लागतो. फ्लॅट काय सांगतो ते ऐका. एखादं ब्रिस्केट १९८ ला होतं, एखाद्याला २०८ लागतात.

आता तो थांबा. ओव्हनमधून काढल्यावर लगेच कूलरमध्ये ठेवलंत तर आतली उष्णता त्याला शिजवतच राहते आणि फ्लॅटचा भुगा होतो. आधी कागद वरून उघडा, ट्रे ओट्यावर ठेवा आणि आतलं तापमान १७५-१८० पर्यंत उतरू द्या. अर्धा-पाऊण तास लागेल. मग पुन्हा बंद करून, जुन्या टॉवेलांत गुंडाळून, कूलरमध्ये ठेवा. कूलर आधी गरम पाण्यानं भरून दहा मिनिटांनी रिकामा करा, म्हणजे त्याच्या भिंती उष्णता ओढून घेणार नाहीत. चांगला कूलर चार तास सहज गरम ठेवतो. तार आतच राहू द्या. तापमान १४० च्या खाली जाता कामा नये, त्याखाली जिवाणूंना वाढायला वाव मिळतो. १४५ वर आलं की ओव्हन त्याच्या सर्वांत कमी आचेवर लावून त्यात ठेवा. या तासांत जिलेटिन दाट होतं आणि रस मांसात धरून राहतो. गरम गरम कापलं तर तोच रस पाटावर वाहून जातो. एक तास तरी थांबायचंच, आणि तीन-चार तास मिळाले तर फरक पहिल्या घासातच कळतो.

तुमचा शनिवार मग असा जाईल. पहाटे सव्वातीनला कोळसा, ४ ला मांस. ११ च्या आसपास बार्क बघून कागद आणि ओव्हन. १ पासून सळईनं तपासणी. २ ते ४ च्या दरम्यान केव्हातरी तयार, मग ओटा, मग कूलर, आणि ७ ला पाट-सुरी. चार वाजेपर्यंत झालं नाही तर ओव्हन ३०० करा. सहापर्यंत झालं तरी तासभराचा थांबा मिळतो. दुपारी १२ लाच झालं तरी अडचण नाही, कूलरनंतर ओव्हनची मंद आच आहेच. केटल मात्र पाऊस असो वा वारा, गॅरेजमध्ये नेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

पंधरा पाहुण्यांमध्ये गोमांस न खाणारे असतील, तर त्यांना आमंत्रणाच्या वेळीच स्पष्ट सांगा. आल्यावर कळण्यात त्यांची पंचाईत होते. त्यांच्यासाठी पनीर, कणसं, वांगी केटलवर करणार असाल तर ब्रिस्केट ओव्हनमध्ये गेल्यावर जाळी घासून, वर नवीन फॉइल किंवा वेगळा तवा ठेवून करा. सुरी, पाट आणि चिमटे वेगळे ठेवा आणि ते वेगळे आहेत हे त्यांना दाखवा.

कापणं शेवटी येतं आणि तिथं चांगलं ब्रिस्केट बिघडू शकतं. फ्लॅटचे आणि पॉइंटचे धागे वेगवेगळ्या दिशांनी जातात. शिजल्यावर बार्कखाली ते दिसत नाहीत, म्हणून कच्चं असतानाच फ्लॅटच्या टोकाचा एक छोटा कोपरा धाग्यांना आडवा कापून खूण करा. लांब, धारदार सुरी घ्या. फ्लॅटच्या टोकापासून धाग्यांना आडवे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप काढत चला. पॉइंट सुरू झाला की उरलेला तुकडा ९० अंशांत फिरवा आणि तिथले काप थोडे जाड काढा. पहिला काप बोटावर आडवा टाका. तो दोन्हीकडे लवून पडला पाहिजे, पण तुटता कामा नये, आणि हलकं ओढल्यावर सुटा झाला पाहिजे. ओढूनही सुटत नसेल तर थोडं कमी शिजलंय, काप पातळ करा. बोटावरच तुटत असेल तर जास्त झालंय, काप जाड करा. कोरडं लागलं की "जास्त शिजलं" असं सगळे म्हणतात, पण कोरडं आणि चिवट असेल तर ते कमी शिजलेलं असतं. कोरडं आणि भुसभुशीत असेल तरच जास्त.

सगळं एकदम कापून ठेवू नका. कापलेला तुकडा काही मिनिटांत सुकतो आणि काळा पडतो. लोक ताट घेऊन येतील तसं कापत जा. पॉइंट आणि फ्लॅट दोन्हीतले एक-एक काप प्रत्येकाला द्या, सोबत साधा पांढरा ब्रेड किंवा पाव, कांदा, लोणच्याची काकडी, आणि तो ठेचा. उरलेलं न कापता फॉइलमध्ये घट्ट बांधून त्याच रात्री फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी थोड्या मटणाच्या किंवा बीफच्या रश्श्यासकट, झाकून, २७५ च्या ओव्हनमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये चरबी फुटून निघते आणि मांस रबरासारखं होतं. बारीक चिरून, कांदा आणि हिरवी मिरची घालून तव्यावर परतलंत आणि मक्याच्या टॉर्टियात भरलंत, तर रविवारचा नाश्ता झाला.